मरायला लागणारा वेळ

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये जमिनीवर कोसळलेल्या माणसाचा निकाल, कुणी मध्ये पडलं नाही तर, जास्तीत जास्त तीस सेकंदांत लागतो. नियमांच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही, पण हिशेब सोपा आहे. एक फेरी सहा सेकंदांची. दर फेरीला एक फासा. पाचव्या फाशापर्यंत गोष्ट इकडे किंवा तिकडे होतेच.

टेबलावर मात्र या तीस सेकंदांना अर्धा तास लागतो. मी २०२० पासून हा खेळ खेळवतोय, आणि मला त्या अर्ध्या तासाबद्दल लिहायचं आहे.

ज्यांनी हा खेळ फक्त ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण एकेक कॅरॅक्टर घेतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी देवाची कृपा असलेली क्लेरिक. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर. तो जग उभं करतो, राक्षसांच्या वतीने खेळतो आणि ‘आता तुम्ही काय करता?’ हा एकच प्रश्न रात्रभर विचारत बसतो. बाकी सगळं बोलून आणि फासे टाकून. स्क्रीन नसली तरी चालते. आमच्यात ते डीएमचं काम माझ्याकडे आहे, कारण कॉलेजमध्ये नोट्स काढायचं कामही माझ्याकडेच होतं.

आता मरणाचा नियम. तुमचे हिट पॉइंट्स शून्यावर आले की तुम्ही मरत नाही, बेशुद्ध पडता. मग तुमची पाळी येते तेव्हा तलवार नाही, मंत्र नाही, पळणं नाही. फक्त वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक यश, नऊ किंवा खाली आलं तर एक अपयश. तीन यशं आधी जमली तर तुम्ही स्थिर. शुद्ध येत नाही, पण मरणही टळतं. तीन अपयशं आधी जमली तर संपलं. एक आला तर ती दोन अपयशं धरायची. वीस आला तर डोळे उघडतात आणि एक हिट पॉइंट घेऊन तुम्ही उठून बसता. याला डेथ सेव्ह म्हणतात. तुमची ताकद, अक्कल, चिलखत, यातलं काहीही या फाशात मिळवायचं नसतं. विसाव्या लेव्हलचा योद्धा असो की पहिल्या लेव्हलचं पोरगं, दोघांनाही दहाच लागतात.

इंजिनिअरिंगची सवय जात नाही, म्हणून मी याचं गणित मांडलं होतं. कुणीच मदतीला आलं नाही, वरून कुणी मारलंही नाही, तर जगण्याची शक्यता ५९.५ टक्के. पहिलाच फासा वाईट पडला की ती ४२ च्या खाली जाते. एकही यश नसताना दुसराही वाईट पडला की २१ टक्के.

हे आकडे कुणी ठरवून काढले असतील असं मला वाटत नाही. ते पन्नास वर्षांच्या भांडणातून आले आहेत.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला तेव्हा शून्य म्हणजे मृत्यू, विषय संपला. (गायगॅक्स आधी शिकागोत विम्याचं काम करायचा, जोखीम तपासण्याचं. ही गोष्ट मला फार आवडते.) पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला सहा बाजूंच्या एका फाशाइतके हिट पॉइंट्स, आणि जवळपास प्रत्येक शस्त्राचा घावही तेवढाच, एक फासा. म्हणजे घाव बसला की मरण्याची शक्यता ५८ टक्के. क्लेरिककडे जावं तर पहिल्या लेव्हलच्या क्लेरिककडे एकही मंत्र नसायचा. लोक हातात दोन-तीन कोरी कॅरॅक्टर्स घेऊनच बसत असतील.

गंमत म्हणजे तेव्हाच्या मानाने हीसुद्धा दयाच होती. हा खेळ निघाला लढायांच्या खेळांतून, जिथे टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडतात. १९७१ च्या ‘चेनमेल’मध्ये साधा सैनिक एका घावात उचलून बाजूला ठेवायचा. पण आर्नेसनच्या टेबलावर एकेका खेळाडूकडे एकच माणूस होता आणि लोकांचा त्या माणसात जीव अडकायला लागला. राक्षस एका फटक्यात मेला तर त्यांची काही हरकत नव्हती. आपण एका फटक्यात मरायला मात्र कुणी तयार नव्हतं. मग त्याने आपल्या जहाजांच्या लढाईच्या खेळातून हिट पॉइंट्सची कल्पना उचलली. जहाज एका गोळ्यात बुडत नाही ना, तसंच.

१९७९ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात शून्याच्या खाली जागा तयार झाली. शून्यावर पडायचं, दर फेरीला एक पॉइंट रक्त जायचं आणि उणे दहावर मरायचं. तेव्हाची फेरी एक मिनिटाची होती, म्हणजे दहा मिनिटं मिळायची. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत दर फेरीला दहा टक्के शक्यता आली, की रक्त आपोआप थांबेल. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तीन अपयशांचं मोजमाप आलं. आम्ही जी खेळतो ती २०१४ ची पाचवी आवृत्ती, तिच्यात वर सांगितलेला नियम आहे.

जुने खेळाडू म्हणतात की खेळ दरवेळी मऊ होत गेला. मला हे पटत नाही. शक्यता वाढली हे खरं, पण माझ्या मते खरा बदल वेगळाच आहे. १९७४ मध्ये मरण ही एक घटना होती. आता ती एक जागा आहे, जिथे तुम्ही काही वेळ असता, आणि बाकीच्यांना तिथे यायचं की नाही हे ठरवावं लागतं.

कारण या नियमात पडलेल्या माणसाला काहीच ठरवायचं नसतं. ठरवायचं असतं ते उरलेल्यांना. राक्षस जखमी आहे, अजून एक घाव घातला तर मरेल. पण बाजूला आपला माणूस पडलाय, दोन अपयशं झालीयेत. घाव की धाव? हा प्रश्न ज्या टेबलावर एकदा पडला ती माणसं एकमेकांना वेगळी ओळखायला लागतात. आमच्यातला जो कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये कधी सापडायचा नाही, तोच खेळात सगळं सोडून पहिला धावतो. कसं काय, विचारू नका.

नियमात भोकं आहेतच. कुणी थोडंसं बरं केलं की सगळी अपयशं पुसली जातात. त्यामुळे एक हिट पॉइंटवर उठायचं, पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं असा यो-यो सुरू होतो. मरणाच्या दारातून तिसऱ्यांदा परत आलेला माणूस चौथ्यांदा आला की टेबलावर हसू फुटतं. काही डीएम यावर उपाय म्हणून अपयशं विश्रांतीपर्यंत तशीच ठेवतात. आम्हीही काही महिने तसं खेळलो.

इतर खेळांनी मरणाचं काय काय केलंय हे बघण्यासारखं आहे. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’मध्ये तुमचं कॅरॅक्टर तयार होता होताच मरू शकतं, खेळ सुरू व्हायच्या आधी. ‘पॅरानोइया’त प्रत्येकाला सहा क्लोन मिळतात, त्यामुळे मरण हा विनोद होतो. ‘ड्रेड’मध्ये फासेच नाहीत, जेंगाचा मनोरा असतो, ज्याच्या हातून पडला तो गेला. ‘टेन कँडल्स’मध्ये शेवटी सगळेच मरणार हे पहिल्यापासून माहीत असतं, आणि मेणबत्त्या एकेक करून विझत जातात. मला सगळ्यांत आवडतो तो ‘डंजन वर्ल्ड’चा शेवटचा श्वास. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. दहा किंवा वर, तर तुम्ही मृत्यूला चकवलंत. सहा किंवा खाली, तर चला. आणि सात ते नऊ, तर मृत्यू स्वतः समोर येऊन सौदा करतो. वटपौर्णिमेची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच की सावित्रीचा नवरा सौद्यात गप्प पडून होता. इथे सौदा ज्याचा त्याने करायचा.

आता आमची गोष्ट.

आम्ही सहा जण, एकाच कॉलेजचे. २०२० च्या नोव्हेंबरात सगळे आपापल्या घरून काम करत होतो, आणि शनिवारी रात्री डिस्कॉर्डवर भेटायचं असं ठरलं. नकाशा रोलट्वेंटीवर, फासेही तिथेच. त्यामुळे प्रत्येकाचा प्रत्येक फासा सगळ्यांना दिसायचा. एकाने पॅलाडिन घेतला होता, धर्मयोद्धा. ड्वार्फ, आडवा-तिडवा, हातात भली मोठी ढाल. नाव ठेवलं बाजी. अरुंद वाट दिसली की हा तिथे उभा राहणार आणि म्हणणार, ‘तुम्ही व्हा पुढे.’ पाच महिन्यांत तो जोक एकदाही जुना झाला नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या घरी सगळेच पॉझिटिव्ह आले. तो आणि आई घरात विलगीकरणात, बाबा पुण्यात हॉस्पिटलमध्ये. आमच्या डिस्कॉर्डवर ज्या चॅनलमध्ये नकाशे आणि राक्षसांची चित्रं टाकायचो, तिथे ऑक्सिजन बेडचे नंबर यायला लागले. कुठला लागतो, कुठला उचलत नाहीत, कुठे रात्री दोननंतर फोन करायचा. चोर खेळणाऱ्या मुलीने एक एक्सेलशीट बनवली होती, त्यात रंग भरलेले होते. अकराव्या दिवशी बाबा गेले. त्याने त्यांना शेवटचं पाहिलं ते एका नर्सने धरलेल्या फोनवर, पंधरा-वीस सेकंद. घरी आणता आलं नाही. सगळं तिकडेच झालं. तो तेव्हा दाराच्या आत होता, चौदा दिवसांतला नववा दिवस.

खेळ बंद झाला. कुणी बंद करूया असं म्हणालं नाही, शनिवार येत गेले आणि जात गेले.

जूनमध्ये त्यानेच ग्रुपवर लिहिलं, ‘या शनिवारी?’

मी त्याला वेगळा मेसेज केला, की लढाई नको ठेवू का, एखादा बाजार, एखादं गाव असं काहीतरी करतो. त्याचं उत्तर आलं, ‘नेहमीसारखं खेळव. कोणी मला सांभाळून घेऊ नका रे.’

डीएमला पडद्यामागे फासे टाकायची मुभा असते, आणि बरेच डीएम वेळ पडली की आकडा बदलून सांगतात. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पण डेथ सेव्ह खेळाडू स्वतः टाकतो, सगळ्यांसमोर. तो माझ्या हातात नसतोच. नियम बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं असो वा नसो, ते बरोबर आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

एका पडक्या देवळाखालचं तळघर होतं. सांगाडे बाहेर यायला लागल्यावर बाजी सवयीप्रमाणे जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला आणि बाकीचे मागच्या दारवाजाकडे सरकले. चौथ्या फेरीत तो पडला.

पहिला फासा चार. अपयश. क्लेरिक दालनाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिचे मंत्रांचे स्लॉट संपले होते. उरला होता ‘स्पेअर द डाइंग’, मरणाऱ्याला स्थिर करण्याचा छोटा मंत्र. त्याला स्लॉट लागत नाही. पण त्याला हात लावावा लागतो. पुस्तकात पल्ला म्हणून एकच शब्द आहे, स्पर्श. ती निघाली, वाटेत दोन सांगाडे आडवे आले.

दुसरा फासा तेरा. यश. कुणीतरी माइकवर जोरात श्वास सोडला.

तिसरा नऊ. एका आकड्याने गेलं. एक यश, दोन अपयशं. साडेबत्तीस टक्के, हे मला त्या वेळीही पाठ होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. चोराच्या समोर या सगळ्याचा सूत्रधार उभा होता, अर्धमेला. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि जिन्याकडे पळाली. जादूगारही पळाला. खजिन्याची पेटी तशीच उघडी राहिली. क्लेरिकने होतं नव्हतं ते सगळं पळण्यात घातलं आणि ती पोहोचली तेव्हा नकाशावर दोघांच्या मध्ये तीन चौकोन उरले होते. आमच्या नकाशावर एक चौकोन पाच फुटांचा.

मग त्याची पाळी आली. सात.

डिस्कॉर्डवर कुणी बोलत नसेल तर हिरवी वर्तुळं विझलेली राहतात. सहाही विझलेली होती.

मेल्यापासून एका मिनिटाच्या आत ‘रिव्हिव्हिफाय’ करता येतं, पण त्याला तीनशे सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि वरचा स्लॉट लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. उरलेली लढाई दोन फेऱ्यांत आटपली, कुणाचंच लक्ष नव्हतं. मी म्हटलं, इथे थांबूया का आज? तर तो म्हणाला, ‘नाही, थांब. मी कॉलवर राहू शकतो ना? मेलो तरी?’

अर्थात, म्हटलं.

त्यांनी बाजीला वर आणलं. जादूगाराने ढाल पुसली. कुठे पुरायचं यावर चर्चा झाली, मग पुरायचं की जाळायचं यावर झाली, आणि मग क्लेरिक खेळणारी मैत्रीण म्हणाली की मी प्रार्थना म्हणते पण मला ड्वार्फांची येत नाही. तेव्हा तो बोलला. म्हणाला, ‘त्याच्या तोंडात पाणी घालाल ना?’

तिने विचारलं नाही, का. म्हणाली, ‘मी त्याचं डोकं मांडीवर घेते. माझ्याकडे वॉटरस्किन आहे.’ मी विचारलं, कसं घालतेस. तिने सांगितलं, ओंजळीतून, थोडं थोडं. मग चोराने घातलं, मग जादूगाराने, मग पाचव्याने, जो त्या रात्री पहिल्यांदाच काही बोलला. प्रत्येकाने बाजीबद्दल एकेक गोष्ट सांगितली. अरुंद वाटेचा जोक दोनदा आला. या सगळ्यात एकही फासा पडला नाही. सव्वा तास लागला. शेवटी तिने आपल्या शीटवरून वॉटरस्किन खोडली.

खेळात एवढ्याने माणूस जात नाही, हे सांगायला हवं. ‘रेझ डेड’ नावाचा मंत्र आहे: दहा दिवसांच्या आत, पाचशे नाण्यांचा हिरा, आणि माणूस परत. पुढच्या शनिवारी त्यांनी चार दिवसांवरचं शहर गाठलं, जादूची तलवार विकली, हिरा घेतला, देवळात पुजारी शोधला. सगळं माझ्या कल्पनेच्या पुढे पळत होतं. पण त्या मंत्रात एक अट आहे, जी लोक वाचून सोडून देतात. आत्मा मोकळा हवा, आणि राजी हवा. म्हणजे डीएमने थांबून मेलेल्याच्या खेळाडूला विचारायचं असतं.

मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘नको. त्याचं सगळं नीट झालंय.’

हिऱ्याचं काय करायचं यावर त्या लोकांनी नंतर तीन शनिवार भांडण केलं. शेवटी तो विकून घोडे घेतले.

याच पुस्तकात एक बारीक अट अजून आहे, ती मला आधी कधी दिसली नव्हती. मोठ्यातला मोठा पुनर्जीवनाचा मंत्र, जो दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्यालाही उठवतो आणि ज्याला पंचवीस हजारांचे हिरे लागतात, तोही म्हातारपणाने मेलेल्यावर चालत नाही. जगातली कुठलीही जादू पुरवायची पण ही एक रांग मोडायची नाही, असं कुणीतरी ठरवलं असणार. त्याचे बाबा चौपन्न वर्षांचे होते.

आता तो क्लेरिक खेळतो. आम्ही अजून शनिवारीच भेटतो, दोघे बंगळुरूहून, एक आयर्लंडहून, तिकडे तेव्हा दुपार असते. २०२४ मध्ये नियमांची नवी पुस्तकं आली आणि आम्ही एक अख्खी रात्र कुठला बदल घ्यायचा आणि कुठला नाही यावर घालवली. औषधाची बाटली पिणं सोपं झालंय, ते सगळ्यांना मान्य. डेथ सेव्ह जवळपास तसेच आहेत. ‘स्पेअर द डाइंग’चा पल्ला मात्र बदललाय. आता हात लावावा लागत नाही. पंधरा फुटांवरून चालतो, आणि लेव्हल वाढेल तसा त्याहून लांबून.

मी म्हटलं, आपण जुनाच ठेवूया, धावत जाण्यात मजा आहे. तिघांनी माझ्या बाजूने हात वर केले. तो म्हणाला, ‘पंधरा फूट ठेवा.’

चार विरुद्ध एक. एक जण अजून फोनवर होता.

आमच्याकडे पंधरा फूट चालतं.